जुना मिनी ट्रॅक्टर फवारणीत अर्ध्या तासाने बंद पडतो, हवा काढली की चालतो, परत बंद पडतो

आधी लक्षणं सांगतो, तुमच्या ट्रॅक्टरची हीच असतील तर पुढचं कामाचं आहे. सकाळी एका सेल्फला चालू होतो, आवाज साफ, शेडमध्ये तासभर चालू ठेवला तरी काही नाही. बागेत नेला, मागे ब्लोअर (पंख्याने औषध उडवणारं फवारणी यंत्र) लावून पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा मागचा दांडा, टाकला, रेस वाढवली की पहिली २५-३० मिनिटं मस्त चालतो आणि मग आवाज पडतो, परत चढतो, परत पडतो, दोन-तीन गचके देतो आणि गप. सेल्फ मारला तर इंजिन नुसतं फिरतं. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हवा काढली की चालू. मग कधी दोन तास चालेल, कधी दोन ओळीसुद्धा नाही. आणि कधी कधी हवा न काढता नुसता १५ मिनिटं उभा ठेवला तरी चालू होतो. हे शेवटचं लक्षण नीट लक्षात ठेवा, आमचं सगळं तिथेच अडकलं होतं आणि आम्ही दोन महिने तिकडे बघितलंच नाही.

आमचा ट्रॅक्टर १८ एचपीचा, ३ सिलिंडरचा, द्राक्षबागेतला जुना मिनी, वय वीसच्या पुढे. निफाड तालुक्यात आमची बाग ९ फुटी ओळींची, त्यात मोठं धूड फिरत नाही, त्यामुळे याच्यावरच सगळा कारभार. ऑक्टोबर छाटणी झाली, पोंगे फुटून फुटवे वाढायला लागले आणि नेमका पाऊस लागून बसला. ज्यांची बाग आहे त्यांना सांगायला नको, डाऊनीच्या (द्राक्षावरच्या बुरशी रोगाच्या) भीतीने पाऊस उघडला की लगेच फवारा मारायचा असतो, उद्या मारू चालत नाही. अशा टायमाला ६०० लिटरचा ब्लोअर औषधाने भरलेला आणि ट्रॅक्टर ओळीच्या बरोबर मधे बंद. पुढे ढकलता येत नाही, मागे ओढता येत नाही, टोचणाला दुसरा ट्रॅक्टर आणायचा तर तो आत घुसत नाही. आमचे अण्णा बांधावरून बघत होते, काही बोलले नाहीत, त्यांचं न बोलणं जास्त लागतं.

मिस्त्री तीनदा येऊन गेला. पहिल्यांदा म्हणाला, "भाऊ, हवा धरली होती, काढली." दुसऱ्यांदा डिझेल फिल्टर बदलला. तिसऱ्यांदा फीड पंपाचं, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाचं, किट टाकलं, आणि जाताना म्हणाला आता पण बंद पडला तर मेन पंप (दाबाने डिझेल पुढे देणारा) उतरवून तपासायला लॅबला टाकावा लागेल, नोजल (इंजिनात डिझेल फवारणारे) पण बघून घेऊ. म्हणजे मोठा खर्च आणि ऐन सीझनला ट्रॅक्टर पाच-सहा दिवस बाहेर. मी मिस्त्रीला दोष देत नाहीये, हवा खरंच धरत होता, स्क्रू ढिला केला की फेस यायचा हे मी स्वतः बघितलंय. पण हवा काढणं म्हणजे दुरुस्ती नाही हे मला तिसऱ्या खेपेला कळलं. ती आत आली कुठून आणि नेमकी अर्ध्या तासानेच का, ते कोणी विचारलंच नाही, मी पण नाही.

आता थोडं डिझेल कसं जातं ते डोक्यात बसवून घ्या, नाहीतर बाकीचं सगळं अंदाजपंचे होतं. टाकीतून कॉक, कॉकमधून रबरी नळी, नळीतून फीड पंप, तिथून फिल्टर, फिल्टरमधून मेन पंप, मेन पंपातून लोखंडी बारीक पाईपने तीन नोजल, आणि जास्तीचं डिझेल परतीच्या नळीने टाकीत. यात फीड पंपाच्या अलीकडची बाजू म्हणजे ओढायची बाजू आणि पलीकडची म्हणजे ढकलायची बाजू. ढकलायच्या बाजूला कुठे फट असली तर डिझेल बाहेर गळतं, डोळ्याला दिसतं, हाताला लागतं. ओढायच्या बाजूला फट असली तर इंजिन चालू असताना गळत काहीच नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून "कुठे गळत तर नाहीये" असं म्हणून लोक सोडून देतात. गळत नाहीये म्हणूनच शोधायचं असतं.

मग पुढच्या वेळी बंद पडला तेव्हा मी ठरवून कशाला हात लावला नाही. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, बंद पडल्यावर पहिली दोन मिनिटं फुकट घालवू नका, सगळा पुरावा तेवढ्यातच असतो. पीटीओ काढा, हँडब्रेक ओढा आणि सरळ डिझेल टाकीच्या झाकणाकडे जा. कान जवळ नेऊन झाकण हळू फिरवा. सुस्स करून हवा आत ओढल्याचा आवाज आला तर झाकणाचं बारीक भोक बंद आहे, डिझेल खाली जातंय पण त्याच्या जागी हवा आत येत नाहीये, टाकी आतून ओढून धरते. पावसाळ्यात पाणी जाऊ नये म्हणून झाकणावर प्लास्टिकची पिशवी बांधून वर सुतळी आवळायची आपल्याकडे पद्धतच आहे, माझ्या मेव्हण्याचा ट्रॅक्टर निव्वळ त्या पिशवीमुळे आठवडाभर बंद पडत होता. पिशवी ठेवायचीच असेल तर उलटी वाटी ठेवल्यासारखी सैल ठेवा.

माझ्या झाकणाचा आवाज आला नाही. मग फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू एक-दीड आटा ढिला केला आणि फीड पंपाची हाताने मारायची कळ दाबत बघत बसलो. इथे तीन गोष्टी होऊ शकतात आणि प्रत्येकीचा अर्थ वेगळा. साबणासारखा फेस आला तर ओढायच्या बाजूने हवा शिरतीये. फेस नाही पण डिझेल मेल्यासारखं ठिबकतंय, तर मागे कुठेतरी अडकलंय, टाकी, कॉक, नळी किंवा फिल्टर. आणि साफ डिझेल जोरात आलं तर फिल्टरपर्यंत सगळं ठीक आहे, मग मेन पंप, नोजल किंवा स्टॉपची केबल, म्हणजे इंजिन बंद करायची तार, बघायची. स्टॉपची केबल विसरू नका, गंजून अर्धवट ओढलेली राहिली तर इंजिनला डिझेल कमी मिळतं आणि लोक पंप उतरवतात.

माझ्याकडे आधी फेस आला आणि फेस संपल्यावर ठिबकत होतं. दोन्ही एकदम! मी तर गोंधळलोच, म्हटलं हवा पण आणि अडकलंय पण, आता काय.

धुरावरून पण थोडं कळतं म्हणून मधेच सांगून टाकतो. बंद पडायच्या आधी काळा धूर ओकत असेल तर डिझेलची कमी नाहीये, हवेची आहे, एअर क्लीनर उघडा. आमच्याकडे सल्फरची धुरळणी आणि छाटणीनंतरची धूळ, ऑइलवाला एअर क्लीनर असेल तर त्याच्या वाटीत खाली अक्षरशः चिखल सापडतो. धूर अजिबात नाही किंवा पांढुरके फुसके येतायत आणि रेस आपोआप वरखाली होतीये तर डिझेल कमी पडतंय. गरम होऊन दमत असेल तर काटा बघा, तो वेगळाच विषय.

मग मी ट्रॅक्टरला सलाईन लावलं. हसू नका, सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. ५ लिटरचा स्वच्छ कॅन घेतला, झाकणाला एक भोक पाडून त्यातून तळापर्यंत जाईल अशी नळी घातली, शेजारी दुसरं बारीक भोक हवेसाठी. नळी आरपार दिसणारी घ्या, लेव्हल ट्यूब म्हणून हार्डवेअरमध्ये मिळते ती चालते, तेवढ्यापुरती, कायमची लावू नका, डिझेलने ती कडक होते. कॅन स्टिअरिंगच्या वर रोलबारला घट्ट बांधला, सायलेन्सरपासून लांब. टाकीकडून येणारी नळी फीड पंपाच्या तोंडाशी काढली आणि तिथे ही जोडली. हवा काढली, चालू केला आणि नुसत्या पाण्याचा ब्लोअर घेऊन बागेत. आमच्या ट्रॅक्टरला फवारणीत तासाला साधारण ३ लिटर लागतं, परतीचं डिझेल जुन्या टाकीत जातंय म्हणून कॅन थोडा लवकर संपतो, लक्ष ठेवा. सव्वा तास फिरवला. एक गचका नाही. आवाज असा की अण्णा घरातून बाहेर आले बघायला.

याचा अर्थ फीड पंप, फिल्टर, मेन पंप, नोजल, सगळे निर्दोष. चोर टाकी ते फीड पंपाचं तोंड या दोन फुटांत. जो पंप लॅबला जाणार होता त्याला काहीही झालं नव्हतं. तुमच्याकडे सलाईनवर पण बंद पडला तर मात्र उलटा हिशोब, टाकी निर्दोष आणि पुढे शोधायचं.

आता टाकी. आधी टाकीची नळी बादलीत सोडून कॉक उघडला. धार मस्त, पेन्सिलीएवढी जाड. म्हटलं हे तर चांगलं आहे. आणि इथेच सगळे फसतात, मिस्त्री पण इथेच फसला होता, धार बघितली, ठीक आहे म्हणाला, बंद केलं. मी आळसाने कॉक तसाच ठेवून चहा घ्यायला गेलो, येऊन बघतो तर बादलीत सात-आठ लिटर साठलेलं आणि धार सुतासारखी बारीक. कॉक बंद केला, दहा मिनिटं थांबलो, परत उघडला, परत पेन्सिलीएवढी. म्हणजे आत काहीतरी हळूहळू येऊन टाकीच्या खालच्या, कॉककडच्या तोंडावर बसतंय आणि ओढ थांबली की सुटून बाजूला होतंय. उभा ठेवला की चालू का होतो त्याचं उत्तर हे.

टाकी उतरवली. चार बोल्ट, दोन पट्ट्या, अवघड काही नाही, फक्त बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. डिझेल गाळून घेतलं, टाकी उन्हात आडवी धरून मोबाईलची बॅटरी मारली तर तळाला तपकिरी शेवाळासारखा गाळ, थोडं पाणी, आणि त्यात पोहत एक चंदेरी चकती. औषधाच्या किंवा ऑइलच्या डब्याच्या झाकणाखाली पातळ सील असतं बघा, आपण बोटाने फोडून काढतो, ते. रुपयाच्या नाण्याहून जरा मोठं, अर्धं दुमडलेलं, हातात घेतलं तर वजनच नाही. ते डिझेलबरोबर तरंगत तरंगत तोंडाशी जायचं, ओढीने पानासारखं चिकटायचं, आणि मिस्त्रीने नळीतून तोंडाने फुंकर मारली की लांब जाऊन पडायचं. मग दोन दिवस ट्रॅक्टर चालायचा आणि आम्हाला वाटायचं दुरुस्त झाला. फुंकर मारून चालू झाला तर खूश होऊ नका, फुंकरीने कचरा जात नाही, नुसता जागा बदलतो.

ते आत गेलं कसं? टाकीच्या वरच्या, डिझेल भरायच्या तोंडात जाळीची गाळणी होती, कॅनने भरताना डिझेल हळू उतरतं म्हणून कोणीतरी काढून शेडच्या खिळ्याला लटकवून ठेवली होती. गडी म्हणतो आमच्या भाऊंनी काढली, भाऊ म्हणतात गड्याने काढली. असो.

आता फेसाचं काय, म्हणजे हवेचं. हे मला सगळ्यात आवडलेलं कोडं आहे म्हणून जरा लांबवतो. कॉकपासून फीड पंपाला येणारी रबरी नळी काढली, वरून चांगली दिसत होती, क्लिपच्या खाली मात्र बारीक चीर. जुन्या नळीला क्लिप आवळून आवळून पट्टी रबरात रुतलेली. टाकी वर आणि पंप खाली, त्यामुळे डिझेल मोकळं येत असताना नळीत थोडा दाबच असतो, चीर असली तरी हवा शिरत नाही, फार तर ओल सुटते, आणि खरंच त्या क्लिपभोवती धूळ चिकटून काळा डाग होता, गळती म्हणून कोणाच्या नजरेत भरला नाही एवढा छोटा. पण वर ती चकती तोंडावर बसली की डिझेल येणं बंद आणि फीड पंप तर ओढतोच आहे, मग तो ओढणार कुठून, चिरेतून. म्हणजे अडकल्याशिवाय हवा शिरत नव्हती. शेडमध्ये बिनलोड चालताना डिझेल कमी लागतं, ओढ कमी, चकती चिकटत नाही, चीर गप्प. बागेत पूर्ण लोड, ओढ जास्त, चकती बसली, चीर बोलायला लागली. नुसती नळी बदलली असती तरी बंद पडला असता आणि नुसती चकती काढली असती तर चार महिन्यांनी टाकीच्या खालच्या तोंडाशी जरा गाळ साचल्यावर त्याच चिरेतून परत कटकट सुरू झाली असती, असं माझं मत.

केलं काय ते पटकन सांगतो. टाकीत दोन लिटर डिझेल आणि मूठभर स्वच्छ धुऊन वाळवलेली खडी घालून हलवली, चार वेळा डिझेल बदललं, खडी मोजून घातली होती आणि मोजून काढली, हे करा नाहीतर नवीन चकती तयार. पाण्याने धुऊ नका, पेट्रोलने तर अजिबात नको. टाकीला भोक पडलेलं असेल तर रिकामी आहे म्हणून वेल्डिंगवाल्याकडे तशीच नेऊ नका, आतल्या वाफेने स्फोट होतो. नळी डिझेलवाली नवीन, पाण्याची किंवा गॅसची नाही. दोन्ही टोकांना नवीन क्लिप, आणि क्लिप टोकापासून थोडी आत, बरोबर काठावर आवळू नका.

भोकाच्या बोल्टवर, म्हणजे ज्यातून डिझेल जातं त्या बोल्टच्या दोन्ही बाजूला तांब्याचे वॉशर असतात. जुनेच परत लावले तर ते कडक झालेले असतात, नीट बसत नाहीत आणि तिथूनही हवा शिरते. नवीन मिळाले तर उत्तम, नाही मिळाले तर चिमट्यात धरून गॅसवर लाल होईपर्यंत तापवा आणि गार होऊ द्या, तांबं मऊ पडतं. मग काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून दोन्ही बाजूंनी हलकं घासा. घरच्या गॅसवर केलंत तर आधी विचारून करा, मी नव्हतं विचारलं.

हवा काढायची पद्धत बऱ्याच जणांची अर्धवट असते म्हणून तेही. टाकी निम्म्याच्या वर भरा, कॉक उघडा. फिल्टरचा स्क्रू ढिला करून कळ मारत राहा, फेस जाऊन एकसारखं डिझेल आलं की ते वाहत असतानाच स्क्रू आवळा, थांबून आवळला तर हवा परत आत. मग मेन पंपावरचा स्क्रू, तसंच. एवढ्यावर चालू झाला नाही तर नोजलच्या तीन पाईपचे नट एक-एक आटा ढिले करा, बहुतेक वेळा १७ नंबरचा पाना लागतो, रेस अर्धी ठेवून सेल्फ मारा, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मधे मिनिटभर थांबा नाहीतर सेल्फ मोटर जळेल. डिझेल थेंब थेंब उडायला लागलं की एक-एक नट आवळा. तोंड आणि हात लांब ठेवा, गळतंय का बघायला बोट लावू नका, नोजलच्या दाबाने उडालेलं डिझेल कातडीच्या आत शिरतं, बाहेरून टाचणीएवढी जखम दिसते पण बोट जाऊ शकतं. असं काही झालं तर घरी हळद लावत बसू नका, सरळ दवाखाना. आणि पीटीओ चालू असताना गळ्यात उपरणं-टॉवेल घेऊन मागे वाकू नका, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

आता डिझेल भरायचं कसं ते बदललंय. कॅन आणला की रात्रभर हलवायचा नाही, सकाळी वरवरचं ओतायचं, तळातलं बोटभर सोडून द्यायचं, ते पाने धुवायला वापरतो. गाळणी परत टाकीच्या तोंडात बसवली आणि तारेने बांधून टाकली, आता कोणी काढू म्हटलं तरी पक्कड लागेल. फवारणी संपल्यावर महिनोन्महिने उभा राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीत रात्री आतून घाम सुटतो आणि तेच पाणी तळाला बसतं, गंज आणि शेवाळासारखा गाळ त्याच पाण्याच्या जिवावर वाढतो. फिल्टरच्या खाली निचरा स्क्रू असेल तर आठवड्याला दोन चमचे सोडून बघा, काचेच्या ग्लासात धरा, पाणी खाली बसलेलं वेगळं दिसतं.

चकती निघाल्यापासून पूर्ण सीझन गेला, माल उतरला, एकदाही ओळीत बंद पडला नाही. फक्त एक बारीक खोड राहिली आहे, दोन-तीन दिवस उभा राहिला की पहिल्या सेल्फला जरा जास्त फिरतो, हीटर प्लग (गार इंजिन चालू व्हायला आतून तापवणारे) बदललेत तरी. मला परतीच्या नळीच्या वॉशरचा संशय आहे, रात्रभरात तिथून थोडी हवा शिरून डिझेल मागे उतरत असणार. खरड छाटणी (माल उतरल्यानंतरची) झाली की तो खोलतो, यावेळी वॉशर आधीच आणून ठेवलेत.